बघितलं की बिघडतं

एका गावात एक भोळा गडी होता. नाव लहानू. अंगाने मात्र दाराच्या चौकटीत मावत नसे. धान्याची दोन पोती खांद्यावर टाकून टेकडी चढायचा आणि वर पोचल्यावर विचारायचा, पोती कुठे न्यायची होती?

आईबाप लहानपणीच गेले. गिरजाआत्याने वाढवला. आत्याला दिसायचं कमी, काळजी भरपूर. तिला एकच घोर होता, या पोराचं लग्न कसं व्हायचं? जो तो म्हणायचा, आधी नोकरी लागू दे, मग बघू.

गावाबाहेर माळावर खडकात खोदलेली एक प्रयोगशाळा होती. तिथे रेगेबाई काम करायच्या. काम चमत्कारिक. डोळ्यांना न दिसणारा एक कण त्या पेटीत कोंडायच्या आणि आत तो काय करत असेल याची आकडेमोड करत बसायच्या. पेटीच्या राखणीला त्यांना माणूस हवा होता. शिकलेली माणसं शंका काढतात म्हणून न शिकलेला हवा होता. लहानू लागला.

पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, "लहानू, पेटी नीट सांभाळ."

लहानूने सांभाळली. नीट सांभाळली जातेय ना, हे बघायला त्याने झाकण उघडून आत डोकं घातलं.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अरे, काय केलंस हे! बघायचं नसतं. कोणी बघत नाही तोवर कण या कोपऱ्यातही असतो आणि त्या कोपऱ्यातही. बघितलं की एकाच कोपऱ्यात सापडतो. झालं, सगळं काम बिघडलं."

"म्हणजे बघितलं की बिघडतं?"

"हो. बघितलं की बिघडतं."

"आधी सांगायचं ना, बाई."

लहानूने मनाशी गाठ मारली. मूर्ख माणूस विसराळू असता तर बरं झालं असतं. लहानू काहीच विसरत नसे.

दुसऱ्या दिवशी बाईंनी चहासाठी दूध तापत ठेवलं. "लहानू, मी आत आहे. दूध तुझ्या ताब्यात."

लहानू दुधाकडे पाठ करून भिंतीला नाक लावून उभा राहिला. चर्र आवाज झाला. करपल्याचा वास सुटला. लहानू हलला नाही. बाई धावत आल्या.

"अरे, दूध उतू गेलं!"

"तुम्ही बघितलंत ना," लहानू म्हणाला. "मी बघत नव्हतो तोवर ते गेलंही होतं आणि नव्हतंही."

"अरे शहाण्या, दूध म्हणजे कण आहे का? किती तापलंय ते मापायचं! आणि एका आकड्यावर विसंबायचं नाही. सगळे आकडे घ्यायचे, बेरीज करायची, जितके आकडे तितक्यांनी भागायचं. सरासरी निघते ती धरून चालायचं."

लहानूने दुसरी गाठ मारली.

मग पुण्याहून बाईंचे थोर प्राध्यापक आले. काम बघून निघाले. बाई म्हणाल्या, "लहानू, सरांना एसटीवर सोडून ये. गाडीची वेळ तेवढी विचार."

लहानूने फाट्यावरच्या पानवाल्याला विचारलं. पानवाला म्हणाला, "सकाळी आठला एक, दुपारी चारला एक."

आकडे आले दोन. एकावर विसंबायचं नव्हतं. आठ आणि चार बारा. बाराचे निम्मे सहा. लहानूने सरांना संध्याकाळी बरोबर सहाला फाट्यावर बसवलं, बॅग मांडीवर दिली आणि घरी येऊन जेवला.

सर सकाळी आठच्या गाडीत चढले तेव्हा त्यांच्या अंगावर डासांनी जागा सोडली नव्हती.

"सहाला गाडी असते असं तुला कोणी सांगितलं?" बाई कडाडल्या.

"कोणी नाही. ती सरासरी गाडी आहे."

बाईंनी त्याला खोलीतल्या एका यंत्रापुढे नेऊन उभं केलं. मग शांतपणे म्हणाल्या, "लहानू, तू डोकं चालवत जाऊ नकोस. हे गणिताचं यंत्र बघ. याला डोकं नाही. सांगितलं ते करत राहतं. 'थांब' म्हटलं की थांबतं. तोवर थांबत नाही. तू या यंत्रासारखा वाग."

हे लहानूला फार आवडलं. त्यात त्याला कष्ट नव्हते.

तेवढ्यात आत्याच्या नवसाला फळ आलं. पलीकडच्या गावचे सर्जेराव ढमाले मुलगा बघायला आले. मुलाला नोकरी लागल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. सर्जेरावांच्या मिशा एवढ्या मोठ्या की आधी मिशा आल्या आणि मागून सर्जेराव. बरोबर त्यांचा मुलगा पोपट. पोपट स्वतःला फार समजायचा. दुसरं कोणी समजत नसे.

पंगत बसली. आत्या म्हणाली, "लहानू, पाहुण्यांना कढी वाढ."

लहानू कढी वाढू लागला. सर्जेराव म्हणाले, "बास."

लहानू वाढत राहिला.

"पुरे, पुरे."

लहानू वाढतच होता.

सर्जेरावांनी ताटावर हात आडवा धरला. लहानूने हातावर वाढली. कढी मनगटावरून कोपरापर्यंत गेली, तिथून धोतरावर उतरली. "अहो नको!" म्हणत सर्जेराव वाकले, तर मिशीवर पडली. शेवटी पोपट ओरडला, "अरे, थांब!"

लहानू लगेच थांबला.

सर्जेरावांनी मिशी पुसली. "गिरजाबाई, तुमच्यात आग्रह जरा जास्तच आहे. पण पोरगा कष्टाळू दिसतो. परवा आमच्याकडे या. मुलगी बघून घ्या."

ते शेवटचं वाक्य ऐकून लहानू घाबरला. त्याला लग्न करायचं होतं. घरी दोन माणसांचा स्वयंपाक असायचा, तो तिघांचा व्हावा असं त्याला फार वाटायचं. पण मुलगी बघायची? बघितलं की बिघडतं. तो बाईंकडे गेला. बाई फळ्यावर काहीतरी लिहीत होत्या.

"बाई, बघायचं तर नाही. मग न बघता कळायचं कसं?"

बाईंच्या हातातला खडू खाली पडला. "लहानू! काय प्रश्न विचारलास! अरे, हाच तर आमच्या शास्त्रातला मोठा प्रश्न आहे. ऐक. जोडीतल्या एकाकडे बघायचं. चपलांचा जोड घे. एक चप्पल पेटीत घालून नागपूरला धाडली, एक इथे ठेवली. इथली डावी निघाली तर नागपूरची उजवी. तिकडे जाऊन बघायला नको. माझ्या कणांच्याही अशा जोड्या असतात. एक वर तर दुसरा खाली. एकाला बघ. दुसरा बरोबर त्याच्या उलट."

"अगदी उलट?"

"अगदी उलट."

लहानूच्या जिवात जीव आला.

ढमाल्यांच्या घरी सतरंजी अंथरली होती. लहानूने येता येता पोपटला वरपासून खालपर्यंत नीट बघून घेतलं, सतरंजीवर बसला आणि डोळे घट्ट मिटले. सर्जेरावांची मुलगी गजरा पोहे घेऊन आली. लहानूने पहिला घास गालाला लावला, दुसरा तोंडात घातला.

सर्जेरावांनी विचारलं, "डोळे आलेत का हो?"

"नाही. मी मुलगी बघणार नाही. बघितलं की बिघडतं."

"मग पसंती कशी सांगणार?"

"पोपटरावांना बघितलं ना. बहीणभावाची जोडी. हे जसे आहेत, त्याच्या अगदी उलट गजराबाई. न बघता कळलं."

पोपटने कॉलर ताठ केली. "असं? मग सांगा की, मी कसा आहे?"

"तुम्ही फार हुशार आहात," लहानू मनापासून म्हणाला.

सर्जेरावांनी पोह्यांची ताटली खाली ठेवली.

"आणि देखणे."

आत्याने पदर तोंडात कोंबला.

"आणि स्वभावाने गरीब," असं लहानू म्हणेपर्यंत पोपट बाह्या सारून उभा राहिला होता. तेवढ्यात गजरा हसली. एकदा सुरू झाली ती थांबेना. हातातल्या ताटलीतले पोहे सतरंजीवर सांडले, तरी हसत होती. मिटल्या डोळ्यांनी लहानू ते ऐकत होता. इतकं चांगलं काही त्याने कधी ऐकलं नव्हतं.

"बाबा," गजरा म्हणाली, "मला हाच नवरा पसंत आहे."

"अगं, त्याने तुला बेअक्कल म्हटलं! कुरूप म्हटलं!"

"म्हणू दे. आजवर जे आले त्यांनी मला चालवून बघितलं, केस सोडायला लावले. एकाने तर दात बघितले. मी काय गाय आहे? याने डोळे मिटून घेतले. नांदेन तर याच्याच घरी."

सर्जेरावांचं पोरीपुढे काही चालत नसे. ते गुरगुरले, "ठीक आहे. पण गिरजाबाई, सांगून ठेवतो. मांडवात एवढासा जरी वेडेपणा झाला, तर पोरीला तिथूनच उठवून नेईन. तालुक्याचा एक विधुर ठेकेदार पाच वेळा विचारून गेलाय. त्याला देईन."

घरी येताना आत्या रस्ताभर बजावत होती. "बाळा, मांडवात डोकं चालवू नकोस. ही पोर गेली तर दुसरी मिळायची नाही."

लहानूलाही दुसरी नको होती. ते हसणं त्याच्या कानात बसलं होतं.

लग्नाचा दिवस आला. ढमाल्यांच्या दारात मांडव भरला. रेगेबाई पुढच्या खुर्चीत बसल्या. नवरा-नवरी पाटावर समोरासमोर उभे राहिले आणि भटजींनी मध्ये अंतरपाट धरला. लहानूला फार बरं वाटलं. किती शहाणी रीत! नवऱ्याने बघू नये म्हणून आपणहून पडदा धरतात. त्याने पडद्याला नमस्कार केला.

मंगलाष्टकं संपली. शेवटचं सावधान झालं. अक्षता पडल्या. आणि भटजींनी अंतरपाट बाजूला ओढला.

लहानूचा धीर सुटला. त्याने डोळे गच्च मिटले.

गजराने त्याच्या गळ्यात माळ घातली. आता त्याची पाळी. लहानू हातात माळ धरून खांबासारखा उभा.

"घाला माळ," भटजी म्हणाले.

"दिसत नाही."

"मग डोळे उघडा."

"नको. बिघडेल."

मांडवात कुजबुज सुरू झाली. आत्या रडू लागली. सर्जेराव उसळून पुढे आले. गजराला बाजूला सारून ते स्वतः लहानूसमोर उभे राहिले आणि त्याचे खांदे गदागदा हलवू लागले. "उघड डोळे! नाही तर चालली माझी पोर घरी!"

लहानूच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. बघावं तर बिघडणार. न बघावं तर ती जाणार.

शेवटी रेगेबाई धावल्या. आपल्या एका वाक्याने हे झालं, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. त्या लहानूच्या कानाशी लागल्या. "लहानू, बाळा, घाबरू नकोस. आता बघायची वेळ झाली. ऐक, पुढचं तुला सांगायचं राहिलं होतं. पहिल्यांदा बघितलं की जे दिसेल ते ठरतं. मग कितीदा बघ, तेच दिसतं. बदलत नाही."

"जे पहिल्यांदा दिसेल ते कायमचं?"

"कायमचं. बघ आता."

लहानूने डोळे उघडले.

समोर मिशा होत्या.

लहानूला जरा वाईट वाटलं. पण ठरलं ते ठरलं. त्याने सर्जेरावांच्या गळ्यात माळ घातली. मग वाकून त्यांना उचललं, खांद्यावर टाकलं आणि घराची वाट धरली. वाजंत्री लोकांना वाटलं वरात निघाली. त्यांनी ताशा बडवायला घेतला.

"सोड मला!" सर्जेराव ओरडले. लहानू चालत राहिला.

"उतरव! खाली ठेव!" भटजी ओरडले. लहानू चालत राहिला.

"पकडा, पकडा!" पोपट लांबून ओरडत होता. बाई काहीतरी सांगत मागे धावत होत्या, पण ताशापुढे कोणाला ऐकू येणार? गजराला हसण्यातून शब्द फुटेना. 'थांब' म्हटलं असतं तर लहानू जागच्या जागी उभा राहिला असता. तेवढं मात्र कोणी म्हटलं नाही.

अख्खं वऱ्हाड मागे, ताशा पुढे, मध्ये लहानूच्या खांद्यावर सर्जेराव. असे सगळे लहानूच्या गावी पोचले. ताशाचा आवाज ऐकून आत्या बैलगाडीतून आधीच पुढे आली होती. नवरी घरी येतेय एवढंच तिला कळलं होतं. दारात तांदळाचं माप ठेवून, ओवाळणीचं ताट घेऊन ती उभी होती. तिला माळ दिसली. तेवढं तिला पुरे झालं. शेजारच्या बायांना मात्र सगळं दिसत होतं, म्हणून त्यांनी मुद्दाम दार अडवलं.

"नाव घेतल्याशिवाय आत सोडायचं नाही!"

"मी? नाव घेऊ?" सर्जेराव गरजले.

"बाबा, घेऊन टाका," मागून गजरा डोळे पुसत म्हणाली. "त्याशिवाय हे काही तुम्हाला उतरवायचे नाहीत."

सर्जेरावांची कंबर मोडायला आली होती. त्यांनी चारी बाजूंना बघितलं. सुटका नव्हती. मग मिशीतल्या मिशीत म्हणाले,

"हिरव्यागार शालूला काठ जरीचा,
लहानूरावांचं नाव घेतो, बाप मी नवरीचा!"

बायांनी दार सोडलं. लहानूने सर्जेरावांना अलगद उंबऱ्यावर उतरवलं. त्यांचा पाय लागून माप कलंडलं, तांदूळ घरभर झाले. आत्याने त्यांना ओवाळलं.

"हे लग्न मोडलं!" सर्जेराव ओरडले.

"आता कसं मोडेल?" बाया म्हणाल्या. "भरल्या दारात नाव घेतलंत. माप ओलांडलंत. साऱ्या गावाने ऐकलंय."

सर्जेराव मटकन खाली बसले. कोणीतरी त्यांना पाणी दिलं.

मग गजराने ते माप पुन्हा भरून ठेवलं, आपल्या पायाने ओलांडलं आणि आत येऊन लहानूपुढे उभी राहिली.

"आता तरी बघा की माझ्याकडे," ती म्हणाली.

लहानूने झटकन डोळे मिटून घेतले.

"परक्या बाईकडे कसं बघू?" तो म्हणाला. "माझं लग्न झालंय."