कोरड्या लाकडाची कहाणी

ऐक गं नदीमाई, तुझ्याच काठची कहाणी. आटपाट नावाचं नगर होतं. नगराला दोन मसणवटे होते. वरच्या आळीचा वर, त्याला कौलांचं छप्पर. खालच्या आळीचा खाली, त्याला नुसतं आभाळ.

खालच्या आळीत चिमाई राही. तिचा नवरा रावजी राजवाड्याचं अंगण झाडी. चाळीस वर्षं झाडलं. श्रावणात झड लागली आणि रावजी मेला.

मग चिमाई वरच्या मसणवट्याच्या पहारेकऱ्याकडे गेली. "दादा, एवढं माझ्या माणसाला छपराखाली नेऊ द्या." तो म्हणाला, "मेलेल्याला कसली घाई? ऊन पडू दे." मग कोतवालाकडे गेली. तो म्हणाला, "आज छप्पर मागतेस, उद्या सिंहासन मागशील." मग राणीकडे गेली. राणी मनानं वाईट नव्हती. तिनं नारळ दिला, कोरं वस्त्र दिलं. म्हणाली, "जागा मात्र वाडवडिलांनी ठरवलेली. ती मी कशी मोडू?"

मग उघड्यावर सरण रचलं. एकदा पेटवलं, विझलं. दुसऱ्यांदा पेटवलं, विझलं. तिसऱ्यांदा चिमाईनं आपलं इरलं वर धरलं, तरी विझलं. अर्धा रावजी जळाला, अर्धा पुरानं नेला.

चिमाई काठावर बसून राहिली. तिथं एक म्हातारी आली, नखशिखान्त भिजलेली. म्हणाली, "लेकी, वसा घेशील?"

"कसला वसा, आई?"

"घरात एक लाकूड कोरडं राखावं. नगरात कोणीही मेलं, तर ते घेऊन जावं. आळी विचारू नये. सरण पेटेपर्यंत हलू नये."

"आणि उद्यापन?"

"छपराखाली जायला कोणालाच विचारावं लागणार नाही, त्या दिवशी उद्यापन."

एवढं बोलून म्हातारी पाण्यात उतरली, ती पुन्हा दिसली नाही.

चिमाईच्या झोपडीत न गळणारा कोपरा एकच. तिथं तिनं लाकूड ठेवलं, आपण गळतीखाली निजली.

वर्ष गेलं. पुन्हा श्रावण आला. राणीचा एकुलता मुलगा तापानं गेला. राजवाड्याच्या कोठीत पाणी शिरलं होतं, सगळी लाकडं भिजलेली. चिमाई लाकूड घेऊन निघाली. शेजारीण म्हणाली, "तुझ्या रावजीला कोणी विचारलं? आणि तू निघालीस त्यांच्याकडे!"

चिमाई म्हणाली, "माझा माणूस तीनदा विझला, बाई. दुसरीनं ते बघू नये."

वर छपराखाली राजपुत्राचं सरण एकदा विझलं, दोनदा विझलं, तीनदा विझलं. चिमाई बाहेर पावसात उभी. कोतवाल ओरडला, "तिथंच थांब! तुझं लाकूड चालायचं नाही." राणीला राहवलं नव्हतं, ती मागोमाग घाटावर आली होती. तिनं धूर पाहिला, चिमाईला पाहिलं, आणि तिला नारळ आठवला. पुढं झाली, स्वतः लाकूड घेतलं. त्याच्या ढलप्या काढून खाली घातल्या. मग सरण पेटलं.

राणी रडत म्हणाली, "चिमाई, तुला छपराखाली जागा दिली."

चिमाई म्हणाली, "माझ्यापुरती नको, बाईसाहेब. मी मेले की ती जागा संपली. आणि दिलेली नको. दिलेलं कोणीतरी परत घेतं."

राणीनं तेरा दिवस सुतक पाळलं. चौदाव्या दिवशी दवंडी पिटली: एक घाट, एक छप्पर, सगळ्यांचा सारखा हक्क. वरच्या आळीतले कितीतरी जण तेव्हापासून आपली मेलेली माणसं परगावी नेऊन जाळू लागले.

पुढच्या श्रावणात चिमाई गेली. कोपऱ्यात तिचं लाकूड कोरडं होतं. खालच्या आळीनं तिला उचललं, राणीनं लाकूड उचललं. रस्त्यात वरच्या आळीची दारं बंद झाली. छपराशी कोतवाल उभा. सवयीनं म्हणाला, "कोणाला विचारून आणलंत?"

राणी म्हणाली, "कोणालाच नाही."

बाहेर पाऊस कोसळत होता. चिमाईचं सरण एकदाच पेटवलं. ते विझलं नाही.

बायांनो, तिथं उद्यापन झालं. आपल्याकडे अजून विचारावं लागतं. तोवर घरात एक लाकूड कोरडं राखा. चिमाईला शेवटी मिळालं, ते तुम्हां-आम्हां सगळ्यांना मिळो, न मागता मिळो. साठां उत्तरांची कहाणी पांचां उत्तरांत सांगितली, ऐकणाऱ्यांच्या हातून ती सुफळ होवो.