बांध नाचवणारी चांगीबाय

आमच्या आज्यांच्या आज्या परकरात होत्या, तेव्हाची ही गोष्ट. खाडीकाठच्या शेवखार गावात चांगीबाय नावाची बाई मिठागरात चिखल तुडवायची. तुडवता तुडवता ती नाचायची, असं म्हणतात.

गावात नाच होते, पण ते लग्नातले, नाहीतर गौरीचे, वाडवडिलांनी घालून दिलेले. चांगीबायच्या नाचात मीठ ओढणं होतं, डोक्यावरची पाटी सावरणं होतं, पायाला खेकडा चावल्यावरची उडी होती. बाया आधी हसल्या, मग शिकल्या. नाचाचा म्होरक्या जोमा पाटील मात्र भडकला.

"यो कंचा नाच? ना देवाचा, ना लग्नाचा."

"आपल्या पायांचा," चांगीबाय म्हणाली.

पाटलानं तिला देवळापुढं नाचायला बंदी केली. मग ती खाडीच्या बांधावर नाचू लागली, पण एकटीच. बाया पाटलाला भ्यायच्या. तिला वाईट वाटायचं, तरी पाय थांबत नव्हते.

त्या श्रावणात अमावास्येला उधाण आलं आणि बांध फुटला. आत सगळ्या गावाचं भात उभं होतं. खारं पाणी शेतभर पसरलं असतं, तर दोन-तीन वर्षं जमिनीत काही उगवलं नसतं. पुरुष चिखलाचे गोळे टाकत होते आणि पाणी ते वाहून नेत होतं. तेवढ्यात चांगीबाय खिंडारात उतरली आणि ओला चिखल पायांनी ठोकत नाचू लागली. एकेक करत बाया तिच्या रांगेला लागल्या. मग पुरुष आले. शेवटी पाटीलही उतरला. त्याला पावलं जमेनात, दोनदा आपटला. लोक हसले आणि हसता हसता आणखी जोरात नाचले. सात भरत्या ते नाचत होते, असं म्हणतात. बांध दगडासारखा झाला, आणि खाडी दोन पावलं मागं, एक पुढं, अशी चांगीबायच्याच चालीवर परत गेली, असंही म्हणतात.

पाटील चिखलातच बसला. "चांगे, मना पन शिकव."

"शिकवीन. पन माझी पावलं नको. तुझी तू काढ."

अजूनही त्या अमावास्येला अख्खं शेवखार बांध तुडवायला जातं. चांगीबायचं नाव घ्यायचं आणि त्या वर्षी गावात आलेल्या सुनेनं एक नवं पाऊल काढायचं, अशी रीत आहे. मग सगळ्यांनी ते नाचायचं. गेल्या साली पनवेलची सून आली. तिनं स्कूटरला किक मारायचं पाऊल काढलं. तीनशे माणसं, म्हाताऱ्यांसकट, दुपारभर बांधावर किक मारत होती.