शेवंतीच्या हातचं वाटण

"त्या शेवंतीच्या हातातच कडूपणा उतरलाय, म्हणून तर तिचा बाप…" विहिरीवर एवढंच कानावर आलं. मी जवळ गेले तशा बाया गप्प झाल्या. मग मला कुठलं राहवतंय?

शेवंती माझ्या शेजारची, इवलीशी, बिनआईची. बाप सोनबा अंथरुणाला खिळलेला, त्याला चावता येत नसे. पहाटे त्याला घास उतरत नसे, म्हणून ती कोबी नि मुळा पाट्यावर वाटून वाटी त्याच्या उशाशी ठेवायची आणि राजाच्या बागेत फुलं खुडायला जायची. दुपारपर्यंत वाटण कडू होई, तो एक घास घेऊन तोंड फिरवायचा. दिवेलागणीला पोर परतली की वाटी भरलेलीच, बाप भुकेनं ग्लानीत. दिवसेंदिवस वाळत चालला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे धुकं राखेसारखं पसरलं होतं. मी कुंपणाच्या फटीतून बघत होते. वाफ्यातला शेवटचा कोबी कापायला शेवंतीनं विळा उचलला आणि ती थांबली. पानाच्या घडीत दवाच्या थेंबाएवढी परी झोपली होती. मोरपंखी पंख, चंदेरी चिमुकली पावलं. पोर कुडकुडत तिच्या उठण्याची वाट बघत बसली.

परी जागी झाली. म्हणाली, एक इच्छा माग, पण तुझ्यासाठी मागशील ते साऱ्या गावाला लागू होईल.

"माझं वाटण दुपारपर्यंत बदलू नये."

"बाळ, मग गावात काहीच बदलणार नाही. कैरी पिकणार नाही, दूध विरजणार नाही."

शेवंतीनं धुक्यातल्या घरांकडे पाहिलं. तिच्याबद्दल कुजबुजणारीच ती घरं. तिचे डोळे भरून आले.

"मग नको," ती म्हणाली.

परी तिच्या बोटावर येऊन बसली आणि हळूच समजावू लागली. भाजीच्या पोटात इवल्या इवल्या खोल्या असतात. वाटलं की भिंती फुटतात, वेगवेगळे रस एकमेकांत मिसळतात, त्यातून तिखट, कडवट चव येते आणि झाकून ठेवलं तरी बदलत राहते. न कापता ठेवलेली भाजीसुद्धा श्वास घेते, आपलाच गोडवा हळूहळू खाते. म्हणून वाटलं की लगेच भरवायचं.

"दुपारी बाबांजवळ कुणीच नसतं," शेवंती पुटपुटली.

"कुंपणामागे कधीचे दोन डोळे आहेत," परी म्हणाली. "त्यांना हातही असतीलच."

मी लाजून पुढे झाले. परीनं पंख झटकले, रिकाम्या वाफ्यात पाचूसारखे हिरवे कोबी उमलले, आणि त्या सोनेरी उजेडात ती विरून गेली.

त्या दुपारी मी वाटलं नि लगेच भरवलं. सोनबानं वाटी संपवली. अंथरुणातून तो काही उठला नाही, पण लेक परतेपर्यंत जागा राहू लागला.

विहिरीवर मी सांगून टाकलं, तुमचं बोलणं अर्धं खरं आहे. वाटणारीच्या हातून कडू होतं, पण ते एकट्या शेवंतीच्या नाही. वाटून तसंच ठेवून गप्पा मारत बसले, तर माझ्याही हातचं कडू होतं.