वामनने जागा मोकळी केली

नदीकाठच्या एका गावात एक भोळा नवरा होता. नाव वामन. सांगितलेल्यातलं एक अक्षर खाली पडू द्यायचा नाही.

बायको सुलोचना व्रतं करणारी. सासूबाईंच्या तोंडच्या एकेचाळीस कहाण्या तिने दोन वर्षं खपून लॅपटॉपवर उतरवल्या होत्या. सासूबाईंना आता कहाणी सुरू करता येते, संपवता येत नाही. म्हणून गौरी गेल्या की कहाण्या छापून घ्यायच्या होत्या. नेमका लॅपटॉप मंदावला.

वामन तो तालुक्याला फिरोजभाईंच्या दुकानात घेऊन गेला.

"वामनराव, एसएसडी काठोकाठ भरलीय," फिरोजभाई म्हणाले. "पाव भाग मोकळा ठेवा, पळेल. दहा मिनिटं कोणी हात लावला नाही तर आपोआप बंद होऊ दे, बॅटरी टिकेल. आणि नको ते कचरापेटीत टाका."

वामनने ते लक्षात ठेवलं. चांगलंच लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी गौरी आल्या. सुलोचना स्वयंपाकघरात जाऊन येते, तो समई विझलेली.

"अहो, समई कोणी विझवली?"

"मी. दहा मिनिटं कोणी हात लावला नाही. तेल टिकलं."

"अहो, ती अखंड तेवत ठेवायची असते."

तेही वामनने लक्षात ठेवलं. तेव्हापासून दर दहा मिनिटांनी जाऊन तो लॅपटॉपला बोट लावून यायचा.

पूजेच्या दिवशी सोळा भाज्यांचा नैवेद्य. ताटात बाराच.

"चार कुठं गेल्या?"

"मी खाल्ल्या. पाव भाग मोकळा हवा."

"गौरींना?"

"पळायला बरं."

सुलोचनाने गौरींपुढे डोकं टेकवलं. "बायांनो, तुमचंच लेकरू आहे, सांभाळून घ्या," म्हणाली, आणि पुन्हा चार भाज्या चिरायला बसली.

विसर्जनाच्या दिवशी वामनने हार-फुलं केराच्या डब्यात टाकली आणि थोरल्या गौरीला उचलून नदीकडे निघाला.

"एकटीला कुठं नेता? दोघी जोडीनं येतात, जोडीनं जातात. आणि देवाचं काही कचऱ्यात टाकू नये. हळदकुंकू वाहून पाण्यात सोडावं."

वामनने मान डोलावली. हेही पक्कं लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सुलोचना म्हणाली, "उद्या छापखान्यात जायचंय. कहाण्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. मग लॅपटॉपवरचे कच्चे खर्डे कचरापेटीत टाका, जागा होईल."

दुपारी वामन आला. विजार गुडघ्यापर्यंत ओली.

"झाली जागा?"

"झाली. पाव कशाला, अख्खीच."

"आणि कहाण्या?"

"उतरवल्या. एकेचाळीसच्या एकेचाळीस, मोजून."

सुलोचनाने देवाला हात जोडले. "पण विजार कशी भिजली?"

"अगं, खर्डे कहाण्यांचे, म्हणजे देवाचे. कचऱ्यात कसे टाकायचे? लॅपटॉपच नदीवर नेला. हळदकुंकू वाहिलं आणि सोडला."

सुलोचनाने हात पुढे केला. म्हणाली, "असू दे. देवानं पेनड्राइव्ह तरी राखला. द्या इकडे."

वामनला जरा वाईटच वाटलं. हिनंच इतकं शिकवलं, तरी हिला आपला भरवसा नाही.

"एकट्याला कसा सोडीन? जोडीनं सोडले," तो म्हणाला. "आणि काळजी करू नकोस. पुनरागमनाय च म्हणालोय."