सात झाकलेले बिट

संचालक घारपुरे स्वतःला लोकशाहीवादी म्हणवत. समितीच्या मतदानाचा प्रोग्राम लिहिणाऱ्या नाईकवाडे मॅडमना त्यांनी खासगीत एवढंच बजावलं, "मतं मला धरून आठही सभासदांची घ्या, निकाल मात्र माझ्याच मताचा लागू दे." मॅडमनी सी भाषेत तसा प्रोग्राम लिहून दिला.

सभेत पहिला ठराव आला, नव्या लॅबला घारपुऱ्यांचं नाव द्यायचा. त्यांनी बटण दाबलं आणि बाकीच्या सातांची बोटं हवेत असतानाच पडद्यावर 'मंजूर' उमटलं.

घारपुरे खुशीत म्हणाले, "इतका झटपट निकाल कसा काय लागला, मॅडम?"

"प्रत्येक मताचा एक बिट असतो, सर. तुम्ही सांगितल्याप्रमाणे सात झाकून प्रोग्राम फक्त तुमचाच वाचतो. मग थांबायचं कोणासाठी?"

ठरावाच्या विरोधात सात हात वर झाले. ते झाकायची सोय सी भाषेत नव्हती.