मीठ वर, गोळे खाली

"हैबतरावाला मीठ मिळणार नाही! चिमूटभरसुद्धा नाही!" राजा विक्रांतसेन गरजला आणि दरबार नेहमीप्रमाणे "वा वा!" म्हणाला.

झालं होतं असं. समोरच्या गडाचा किल्लेदार हैबतराव राजाशी भांडून दरवाजे लावून बसला होता. त्याच्याकडे 'धूळधाण' नावाची तोफ होती. तिचा एक गोळा पडला तर अर्धी राजधानी भुईसपाट! म्हणून तोफेचे गोळे हवाली करेपर्यंत राजाने गडावर जाणारं मीठ, गूळ, तेल सगळं बंद केलं. त्याने काय झालं? हैबतरावाची कोठारं भरलेली, तो मजेत जेवत होता. अळणी कालवण खात होती ती गडावरची गरीब माणसं!

शेवटी त्या माणसांनी कटकट करून किल्लेदाराचं डोकं उठवलं, तेव्हा त्याचा निरोप आला, "गोळे देतो, पण आधी मीठ!"

"आधी गोळे!" राजा म्हणाला. "आधी कोणीच देणार नाही आणि तरी दोघांना मिळेल, अशी युक्ती सांगा! नाहीतर उद्यापासून तुमच्याही ताटातलं मीठ बंद!"

दरबाऱ्यांचे चेहरे पडले. इतक्यात वाड्याच्या आडावर पाणी शेंदणारी कोंडाबाई पुढे आली.

"म्हाराज, मी सांगते. माझी लेक गडावर दिलीय. बाळंतीण हाय, अन् तिच्या तोंडात गुळाचा खडा न्हाई. मला घाई हाय!"

"बोल!"

"आडावर दोर एक, घागरी दोन. एक खाली गेली की दुसरी वर. तसाच रहाट कड्यावर बसवा. वरच्या टोकाला गोळ्यांची जाळी, खालच्या टोकाला मिठाची. गोळे जड. ते उतरले की मीठ चढलं!"

"आणि त्याने धोंडे बांधले तर?"

"जाळीतनं दिसतील की! मग आपली जाळी धरून ठेवायची."

प्रधान खाकरले. "पण लोक म्हणतील, महाराज नमले!"

"का म्हणतील? किल्लेदार सांगंल, मी मीठ वर वढलं. म्हाराज सांगतील, मी गोळे खाली वढले. दोघंबी खरंच बोलतील!"

रहाट बसला. गोळे उतरू लागले, मीठ आणि गूळ चढू लागले. राजा खूश झाला.

"कोंडाबाई, बक्षीस माग!"

"मला जाळीत बसवून वर धाडा. नातू बघायचाय."

"अगं, मग वरून तुझ्याहून जास्त वजनाचे गोळे उतरायला हवेत!"

"म्हणून तर म्हणते म्हाराज, आधी चार दिवस मुदपाकखान्यात पोटभर जेवू घाला. मी जितकी जड, तितके गोळे जास्त!"

राजा इतका हसला, की त्याचा फेटा तिरका झाला. कोंडाबाईच्या ताटात त्याच दुपारी तुपात भिजलेल्या पुरणपोळ्या पडल्या, आणि पुढच्या आठवड्यात ती मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन थाटात वर गेली.