पांढऱ्या वस्त्राविना उतरलेला गरुड

शैलावती नगरीवर धृतवर्मा राज्य करीत होता, त्या काळची ही गोष्ट. तेव्हा बोधिसत्त्व सारथ्याच्या कुळात जन्मला होता आणि मोठा झाल्यावर राजाच्या लाकडी गरुडाचा सारथी झाला होता. हा गरुड खरोखर आकाशात उडत असे. त्याच्या पोटात चार-पाच माणसे मावत. मानेतली कळ पिरगळली की तो पंख हलवीत वर चढे, कळ सैल सोडली की खाली उतरे. असे यंत्र दुसऱ्या कोणत्याच राजाकडे नव्हते. सेनापती भद्रसेन तर त्याला तळहातावरच्या फोडासारखा जपे.

त्या जपण्यातूनच एक नियम निघाला होता. रणात गरुड उतरवायचा असेल, तर खालच्या तुकडीने आधी जमिनीवर पांढरे वस्त्र पसरायचे. वस्त्र दिसले म्हणजे शत्रू बाणाच्या टप्प्याबाहेर आहे असे समजायचे. वस्त्र नाही, तर उतरायचे नाही. मग खाली कोणी का असेना. प्रत्येक तुकडीजवळ असे एक वस्त्र दिलेले असे.

एकदा नदीपलीकडच्या राजाशी युद्ध जुंपले. शैलावतीची एक तुकडी शत्रूचा पाठलाग करता करता टेकड्यांमधल्या खोलगट जागेत शिरली आणि तिथेच कोंडली गेली. वर चहूकडे शत्रूचे तिरंदाज. भद्रसेनाने बोधिसत्त्वाला वरून पाहणी करायला धाडले. तो परतल्यावर सेनापतीने पहिला प्रश्न केला, "वस्त्र पसरलंय?"

"नाही."

"मग संपलं सगळं. कोणी जिवंत असतं, तर वस्त्र पसरलं असतं."

"जिवंत आहेत, सेनापती. मी हलताना पाहिलंय. वस्त्र फाडून त्यांनी जखमांना बांधलंय. कोणाच्या डोक्याला, कोणाच्या मांडीला. पांढऱ्या पट्ट्या वरून स्वच्छ दिसत होत्या. मला जाऊ द्या."

भद्रसेन म्हणाला, "गरुड शत्रूच्या हाती पडला तर उद्या ते आपल्याच नगरावर उतरतील. वस्त्राविना उतरायचं नाही. ही आज्ञा समज."

त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते, आणि बोधिसत्त्वाला ते कळत होते. भीती त्यालाही वाटत होती. पण तिकडे माणसे रक्त गाळीत पडलेली असताना इथे नियमाकडे बोट दाखवून उभे राहायचे, याची त्याला चीड आली. तो सरळ जाऊन गरुडात बसला.

"अरे, आज्ञा ऐकलीस ना? निघालास कुठे?"

"मोडायला," बोधिसत्त्व म्हणाला आणि त्याने कळ पिरगळली.

तो खाली उतरू लागताच टेकड्यांवरून बाणांचा वर्षाव झाला. पंखांत बाण खटाखट रुतले. खाली पुण्णक नावाचा मलमपट्टी करणारा सैनिक होता. त्याच्या स्वतःच्या मांडीत बाण घुसला होता, तरी बसल्या जागी सरकत सरकत तो जखमींना गरुडाकडे ढकलत होता.

"ज्यांना शुद्ध नाही, त्यांना आधी घ्या!" तो ओरडला. "जे शिव्या देताहेत त्यांना अजून अवकाश आहे!"

बोधिसत्त्वाने पहिली खेप छावणीत पोचवली आणि कोणाकडे न बघता माघारी फिरला. पुन्हा नेली, पुन्हा फिरला. दर खेपेला भद्रसेन आडवा येई आणि दर खेपेला गरुड त्याच्या डोक्यावरून निघून जाई. शेवटच्या जखमींना आत घेतल्यावर जागा उरली नाही. पुण्णक एकटा मागे राहिला.

"येतो मी," बोधिसत्त्व म्हणाला.

"नाही जमलं तरी मी राग धरणार नाही हो."

"आलो नाही तर खुशाल धर. येतो."

छावणीत परतला तर राजा धृतवर्मा स्वतः येऊन उभा. गरुडाचा एक पंख तडकला होता. राजाने जखमींकडे पाहिले आणि त्याचे मन भरून आले. तो म्हणाला, "तू आज्ञा मोडलीस, पण माझी माणसं आणलीस. शिक्षा माफ केली. आता गरुड इथेच राहू दे आणि माझ्या पायाची शपथ घे, की पुन्हा कधी वस्त्राविना…"

"महाराज, अजून एकजण तिथे आहे."

"एका माणसासाठी गरुड घालवायचा?"

"मी त्याला येतो म्हणालोय."

"आणि मी राजा म्हणून सांगतो, की…"

"महाराज, तुमचं सांगून होईपर्यंत तो मरेल. आल्यावर उरलेलं ऐकतो."

सगळ्या छावणीच्या तोंडचे पाणी पळाले. राजाचे बोलणे अर्धवट टाकून कोणी निघून गेल्याचे आजवर कोणी पाहिले नव्हते. गरुड एका अंगावर कलत, कुरकुरत टेकड्यांआड गेला.

बराच वेळ काही दिसले नाही. मग नदीच्या बाजूने बोधिसत्त्व चालत येताना दिसला. अंगावरून पाणी निथळत होते, एका खांद्यात बाण होता, दुसऱ्या खांद्यावर पुण्णक होता. भद्रसेन धावत पुढे गेला. "गरुड कुठाय?"

"मोडून वाहून गेला. लाकडाचाच होता तो."

त्याने पुण्णकाला वैद्यांसमोर निजवले, त्याचा श्वास चालू आहे हे हात लावून पाहिले, आणि मग राजासमोर जाऊन उभा राहिला.

"बोला, महाराज. आपलं कुठवर आलं होतं?"

राजाने आपली शाल काढली आणि स्वतःच्या हाताने बोधिसत्त्वाच्या रक्त वाहणाऱ्या खांद्यावर बाणाभोवती दाबून धरली.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, विहारात सांगितली, त्याला कारण झाले होते. सुदंत नावाच्या भिक्षूने एका आजारी वृद्ध भिक्षूला पाणी दिले नव्हते, कारण त्या दिवशी पाणी द्यायची पाळी दुसऱ्याची होती. शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा भद्रसेन म्हणजे हा सुदंत. राजा धृतवर्मा म्हणजे आपले वडीलधारे स्थविर धम्मपाल. पुण्णक म्हणजे पलीकडच्या कुटीत तहानेने तळमळणारा तो म्हातारा, आणि सारथी मी होतो. भीती वाटत असतानाही करुणेच्या पाठीमागे जाणाऱ्या या धैर्याला वीर्यपारमिता म्हणतात."

हे शेवटचे वाक्य सुदंताने ऐकले नाही. तो केव्हाच घागर घेऊन पाण्याला गेला होता.